वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही

घरात पाहुणे बसलेत. बोलता बोलता खाला म्हणतात, “आज उकाडा फारच आहे, नाही?” आणि कोपऱ्यात अभ्यास करत बसलेली दहा वर्षांची पोरगी उठून पंख्याचं बटण दाबते. खालांनी पंख्याचं नावही काढलं नव्हतं. त्या बोलल्या हवेबद्दल, पोरीने ऐकलं पंख्याबद्दल, आणि तरीही दोघींचं बोलणं व्यवस्थित झालं.

या एवढ्याशा गोष्टीत मेंदूने दोन कामं केली. पहिलं काम भाषेचं : कानावर आलेल्या आवाजांतून शब्द वेगळे काढायचे, ते जोडायचे, वाक्याचा अर्थ लावायचा. दुसरं काम माणूस ओळखण्याचं : हे वाक्य यांनी आत्ता, मला ऐकू येईल असं का म्हटलं? यांच्या मनात काय आहे? आपल्याला ही दोन्ही कामं एकच वाटतात, कारण ती एकदमच होतात. मेंदूत मात्र ती करणारे भाग वेगवेगळे आहेत. गेल्या २०-२५ वर्षांच्या संशोधनातून ही गोष्ट पुष्कळच स्पष्ट झाली आहे.

आम्ही हा विषय घेतला तो केवळ कुतूहल म्हणून नाही. ज्या घरात कुणाला लकवा मारून बोलणं बंद झालंय, किंवा ज्या घरात ऐकू न येणारं मूल आहे, तिथे हा फरक माहीत नसल्यामुळे रोज चुकीचे निर्णय घेतले जातात. म्हणून जरा मुळापासून पाहू.

‘तां’ एवढंच बोलणारा माणूस

पॅरिसजवळ बिसेत्र नावाच्या इस्पितळात लेबोर्न नावाचा एक रुग्ण २१ वर्षं राहत होता. काहीही विचारा, त्याच्या तोंडून एकच आवाज निघायचा : ‘तां, तां’. सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. एप्रिल १८६१ मध्ये तो पॉल ब्रोका या सर्जनकडे आला, तेव्हा पायाला झालेल्या संसर्गाने त्याची प्रकृती खालावली होती. ब्रोकाने त्याला विचारलं, किती वर्षं इथे आहेस? लेबोर्नने हाताची पाचही बोटं चार वेळा उघडून दाखवली आणि मग एक बोट वर केलं. हिशेब बरोबर होता, एकवीस.

आपल्या खुणा समोरच्याला कळत नाहीत असं दिसलं की लेबोर्न संतापायचा, आणि त्या संतापात त्याच्या तोंडून एखादी शिवीही निसटायची. हा राग नीट लक्षात घेण्यासारखा आहे. समोरच्याला आपलं म्हणणं कळलं नाही, हे ज्याला कळतं त्याच्या डोक्यात समोरच्या माणसाचं मन जागेवर असतं. शब्द तेवढे गेलेले असतात.

काही दिवसांतच लेबोर्न वारला. ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात खालच्या बाजूस इजा सापडली. तो भाग आज ब्रोकाच्या नावाने ओळखला जातो. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या अवघ्या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरने उलट प्रकारचे रुग्ण मांडले. हे लोक भरभर बोलतात, सुरातही बोलतात, पण बोलण्याला अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना नीट कळत नाही. त्यांची इजा डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात होती.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट बहुधा इथेच संपते : बोलण्याचं केंद्र पुढे, समजण्याचं केंद्र मागे. आता एवढं सोपं चित्र कुणी मानत नाही. पुढचे आणि मागचे हे भाग एका जाळ्यासारखे एकत्र काम करतात, आणि बोलताना, ऐकताना, वाचताना सगळं जाळं कामाला लागतं. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सगळ्यांमध्ये हे जाळं मुख्यतः डावीकडे असतं, आणि डावखुऱ्यांपैकीही बऱ्याच जणांमध्ये डावीकडेच.

चहात दोन चमचे चपला

भाषेचं हे जाळं किती चपळ आहे त्याचा एक सुरेख पुरावा १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या शास्त्रज्ञांनी दिला. डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेच्या हालचाली मोजता येतात. तारा लावलेल्या माणसांना त्यांनी एकेक शब्द करून वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांत शेवटी भलताच शब्द घातला होता. आपल्याकडचं उदाहरण करायचं तर “त्याने चहात दोन चमचे चपला घातल्या” असं काहीतरी. तो भलता शब्द दिसल्यापासून सेकंदाच्या साधारण चार दशांशात मेंदूत एक ठरावीक लाट उमटते.

यावरून काय कळतं? मेंदू वाक्य संपायची वाट बघत बसत नाही. ‘चहात दोन चमचे’ एवढं ऐकताच तो साखरेच्या तयारीत असतो. मराठीत, उर्दूत, दखनीत क्रियापद शेवटी येतं. ‘घातल्या’ कानावर पडायच्या आधीच ‘चपला’पाशी आपण दचकलेले असतो. ऐकणं म्हणजे नुसतं साठवून घेणं नव्हे, ऐकणारा सतत एक पाऊल पुढे चालत असतो. घाईच्या माणसाला आपलं वाक्य पुरं करू द्यायचा धीर का नसतो, याचं थोडं उत्तर इथेही सापडेल!

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एव्हेलिना फेडोरेंको आणि त्यांचे सहकारी मेंदूच्या स्कॅनवर याच जाळ्याचा अभ्यास करतात. माणसाला आधी खरी वाक्यं देतात, मग अर्थ नसलेल्या बनावट शब्दांच्या ओळी देतात, आणि कुठला भाग खऱ्या वाक्यांना जास्त प्रतिसाद देतो ते पाहतात. २०२२ मध्ये त्यांनी १२ भाषाकुळांतल्या ४५ भाषा बोलणाऱ्यांवर हे तपासलं. भाषा कुठलीही असो, जाळं त्याच जागी सापडलं. शिवाय हे जाळं आपल्या कामापुरतंच जागं होतं. गणित सोडवताना, संगीत ऐकताना ते बऱ्यापैकी शांत असतं. विचार करणं म्हणजे मनातल्या मनात बोलणंच, असं आपण सहज म्हणतो. मेंदूचं चित्र तसं सांगत नाही.

बिस्किटाच्या डब्यातला सुई-दोरा

आता दुसरं काम. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी, प्रसंगी चुकीची माहिती असू शकते, हे मुलाला कधी उमगतं?

याचा प्रयोग घरीच करून बघा. बिस्किटाचा पत्र्याचा डबा आपल्या बहुतेक घरांत असतोच आणि त्यात बिस्किटं नसतात हेही ठरलेलंच. तीन वर्षांच्या मुलाला विचारा, “यात काय आहे?” ते म्हणेल, “बिस्किट.” डबा उघडून आतला सुई-दोरा दाखवा. झाकण लावा. मग विचारा, “दादी बाहेरून येतील. त्यांनी आत पाहिलेलं नाही. त्यांना काय वाटेल, डब्यात काय आहे?” तीन वर्षांचं मूल बहुधा सांगेल, “सुई-दोरा!” स्वतःला माहीत आहे ते सगळ्यांना माहीत आहे अशी त्याची समजूत असते. मजा म्हणजे “तुला आधी काय वाटलं होतं?” असं विचारलं तरी पुष्कळ मुलं ‘सुई-दोरा’च म्हणतात. हाच प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला विचारा. ते हसून म्हणेल, “दादींना वाटेल बिस्किटं आहेत.”

अशा चाचण्या १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी सुरू केल्या. त्यांच्या गोष्टीत मॅक्सी नावाचा मुलगा कपाटात ठेवलेलं चॉकलेट शोधतो, आणि मधल्या वेळात आईने ते दुसरीकडे ठेवलेलं असतं. तीन ते पाच या वयात मुलांमध्ये हा बदल होतो असं पुढे अनेक देशांत दिसून आलं. आईबापांनी एक लक्षात ठेवावं : या वयाच्या सुमारास मुलाने पहिलं खोटं नीट जमवून सांगितलं तर त्याला समज द्यावीच, पण दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे हे त्याला कळू लागलंय याचीही ती खूण असते.

मेंदूत हे कुठे होतं? २००३ मध्ये रेबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी माणसांना स्कॅनमध्ये झोपवून दोन प्रकारच्या छोट्या गोष्टी वाचायला दिल्या. एका प्रकारात कुणाचा तरी गैरसमज झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात वस्तूचा फोटो काढलेला असतो आणि नंतर वस्तू हलवलेली असते, म्हणजे फोटोत जुनी स्थिती दिसते. डोकं चालवायला दोन्ही सारख्याच, पण एकात मन आहे, दुसरीत नुसता कागद. उजव्या कानाच्या वर-मागे, मेंदूच्या दोन पाळ्यांच्या सांध्यावर एक जागा आहे. ती मनाच्या गोष्टींना उसळून प्रतिसाद देते, फोटोच्या गोष्टींना नाही. डावीकडचा तसाच सांधा आणि कपाळामागे मधोमध असलेला भाग या कामात तिच्या जोडीला असतात. एकही शब्द नसलेली छोटी कार्टून फिल्म दाखवली आणि त्यातलं पात्र दुखावलं, घाबरलं, की हे भाग जागे होतात. म्हणजे त्यांना भाषेची गरज लागतेच असं नाही.

एक गेलं तरी दुसरं राहतं

स्कॅनमध्ये दोन जागा वेगळ्या दिसल्या एवढ्यावर थांबता येत नाही. खरा पुरावा रुग्णांकडून येतो. २००० मध्ये रोझमेरी वार्ली आणि मायकेल सीगल यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. मेंदूच्या डाव्या बाजूला मोठी इजा झाल्यामुळे त्याला वाक्य बनवता येत नव्हतं आणि वाक्याची रचना समजतही नव्हती. तरीही दुसऱ्याच्या गैरसमजावरच्या चाचण्या, कमीत कमी शब्दांत घेतल्यावर, तो पास झाला. व्याकरण गेलं होतं, समोरच्याचं मन ओळखणं शाबूत होतं.

उलटी बाजूही आहे. उजव्या मेंदूला इजा झालेली काही माणसं व्यवस्थित बोलतात, व्याकरणात कुठे चूक नाही, पण टोमणा कळत नाही, विनोद कळत नाही. “वा, काय वेळेवर आलास!” असं तासभर उशिरा आलेल्याला म्हटलं तर ते आनंदाने आभार मानतात. घरचे म्हणतात, ‘स्वभाव बदलला’, ‘मुद्दाम करतात’. मुद्दाम काही नसतं.

इथे ऑटिझमचा उल्लेख आवश्यक आहे. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी २० ऑटिस्टिक मुलांची अशीच चाचणी घेतली. त्यातली १६ मुलं चुकली. डाउन सिंड्रोम असलेली बहुतेक मुलं मात्र बरोबर आली. या निष्कर्षाचा नंतर अतिरेक झाला आणि ‘यांना दुसऱ्याचं मन नसतंच’ असं बोललं गेलं, ते आम्हाला मान्य नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये साधा प्रश्न विचारला : त्यांना आपलं मन कळत नाही म्हणता, तुम्हाला तरी त्यांचं कुठे कळतं? न समजणं दोन्हीकडून असतं.

पण वाढायला भाषा लागते

मग भाषेचा आणि मन ओळखण्याचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो बालपणी फार घट्ट आहे.

निकाराग्वा या देशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. तोवर ही मुलं आपापल्या घरात एकटी होती, काही घरगुती खुणांवर काम भागत होतं. एकत्र आल्यावर त्यांनी आपसांत एक नवी खुणांची भाषा घडवली आणि मागून आलेल्या लहान मुलांनी ती आणखी समृद्ध केली. जेनी पायर्स आणि अ‍ॅन सेनगस यांनी २००९ मध्ये या दोन पिढ्यांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या पिढीच्या भाषेत ‘वाटणं’, ‘माहीत असणं’ अशा मनाच्या क्रियापदांच्या खुणा फार थोड्या होत्या. ती माणसं आता वयाने मोठी झालेली होती, कामधंदा करत होती, तरी गैरसमजाच्या चाचणीत कमी पडली. त्यांच्यापेक्षा तरुण पिढी पास झाली. सुमारे दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा थोरल्यांनी त्या खुणा धाकट्यांकडून उचलल्या होत्या आणि चाचणीतही त्यांची प्रगती झाली होती.

म्हणजे मन ओळखायची ताकद उभी राहताना भाषेचा टेकू लागतो. एकदा उभी राहिली की टेकू काढला तरी ती टिकते, वार्लींच्या रुग्णासारखी. आमच्या मते या साऱ्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे.

आपल्या भाषांत हा टेकू किती भक्कम आहे बघा. “तो आला” आणि “तो आला म्हणे” यात केवढा फरक! एका ‘म्हणे’ने आपण सांगून टाकतो की हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ऐकीव आहे, जबाबदारी सांगणाऱ्याची. हैदराबादी दखनीतला ‘कते’ हेच काम करतो. कोण काय जाणतो आणि कशावरून जाणतो, याचा हिशेब मुलं असल्या बारीकसारीक शब्दांतून शिकतात. “तुला काय वाटतं, अब्बा का रागावले असतील?” असा प्रश्न मुलाला विचारला की त्याला त्यातूनच शिदोरी मिळते. मोबाईल हातात देऊन हे होत नाही. पॅट्रिशिया कुहल यांनी २००३ मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून १२ बैठकांत चिनी भाषेतले वेगळे आवाज ओळखायला शिकली. तेच बोलणं टीव्हीवरून ऐकवलेली बाळं काहीच शिकली नाहीत.

ऐकू न येणाऱ्या मुलाच्या घरी म्हणूनच वेळ दवडणं महाग पडतं. ज्या कर्णबधिर मुलांचे आईवडीलही कर्णबधिर आहेत आणि घरात पहिल्या दिवसापासून खुणांची भाषा चालते, त्यांची समज वेळेवर वाढते. ऐकू येणाऱ्या आईवडिलांची कर्णबधिर मुलं मागे पडतात, कारण त्यांच्या वाट्याला सुरुवातीची वर्षं कुठलीच पूर्ण भाषा येत नाही. “उशिरा बोलेल, याचे अब्बाही उशिराच बोलले होते” हे वाक्य आपल्या घरांत फार ऐकू येतं. त्यावर विसंबू नका. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत, असं तज्ज्ञ सांगतात. मुंबईत वांद्र्याला यासाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले नवाब अली यावर जंग यांचंच नाव तिला दिलेलं आहे. श्रवणयंत्र असो, कॉक्लिअर इम्प्लांट असो, त्याच्या जोडीला खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलायचं थांबेल ही भीती बाळगू नका. मुलाला भाषा मिळणं महत्त्वाचं, ती तोंडाची की हाताची हा नंतरचा प्रश्न. मेंदूचं भाषेचं जाळं हातांच्या भाषेलाही डावीकडूनच प्रतिसाद देतं.

घरातल्या बुजुर्गांसाठी

आता लकव्याकडे येऊ. तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं किंवा भलतंच येऊ लागलं, तर १०८ वर फोन करून थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या इस्पितळात न्यायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावं लागतं. मालिश, जडीबुटी, ‘सकाळपर्यंत बघू’ यात हेच तास जातात.

जीव वाचतो, पण वाचा जाते, असं पुष्कळांचं होतं. याला वाचाघात म्हणतात. मग घरात काय घडतं? दादांच्या समोरच त्यांच्या आजारपणाची, खर्चाची, घर कुणाच्या नावावर करायचं याची चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, “हळू बोला”, तर दुसरा म्हणतो, “त्यांना कुठं काय कळतंय!” दादांच्या डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा म्हणतात, “आजारानं हळवे झालेत.” हा माणसावर केलेला उघड जुलूम आहे, असं आम्ही स्पष्टच म्हणू. वाक्यं अर्धवट कळत असतील, पण कोण आपल्याला टाळतंय, कोण कीव करतंय, कोण अजून आपला सल्ला मागतंय, हे ओळखणारा मेंदूचा भाग बऱ्याचदा सुखरूप असतो.

उलट टोकालाही जाऊ नये. काहींची समजही घटलेली असते, आणि मान डोलावली म्हणजे सगळं कळलं असं नसतं. कागदावर अंगठा घेण्याआधी तर हे तपासलंच पाहिजे. कुणाचं किती शाबूत आहे हे वाचा-उपचारतज्ज्ञ चाचणी घेऊन सांगतात. घरी टीव्ही बंद करून, एका वेळी एकानेच, समोर बसून, छोट्या वाक्यात बोलावं. “चहा की दूध?” असं दोन वस्तू दाखवून विचारावं. उत्तराला वेळ द्यावा. त्यांचा शब्द आपण ओढून पुरा करू नये. बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडू नये, कान ठीक असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेलं कायमचं भाषेचं अपंगत्व समाविष्ट आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

एका बाबतीत आपल्या घरांची बाजू बरी आहे. घरात दखनी, कोकणी किंवा उर्दू, दारात मराठी, असं आपलं चाललेलं असतं. हैदराबादच्या निम्स इस्पितळात डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवलं की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार साडेचार वर्षं उशिरा जडला. शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक होता. २०१६ मध्ये त्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात पक्षाघातानंतर बुद्धी शाबूत राहिलेले बहुभाषिकांत ४०.५ टक्के होते, एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचाघात मात्र दोन्हींकडे सारखाच होता. इतर देशांतल्या सगळ्या अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. पण ‘घरची भाषा सोडा, मूल गोंधळेल’ या सल्ल्याला यातून काही आधार मिळत नाही.

म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाताना एक गोष्ट आठवणीने सांगा. दोन भाषा येणाऱ्या माणसाला वाचाघातानंतर कधी दोन्ही एकदम परततात, कधी एकच आधी परतते, आणि ती कुठली हे आधीपासून सांगता येत नाही. इस्पितळाच्या फायलीत भाषेच्या रकान्यात कुणीतरी घाईत ‘मराठी’ किंवा ‘उर्दू’ लिहिलेलं असतं. दादी मात्र आयुष्यभर स्वयंपाकघरात दखनीत बोलल्या, दुकानात मराठीत हिशेब केला आणि मामूंशी कोकणीत भांडल्या. हे तिन्ही डॉक्टरांना सांगा, आणि तिन्हींत त्यांच्याशी बोलून पाहा.